आईचे धवले आणि लेकाचं फोल्डर

आमच्या फ्लॅटची चावी समोरच्या बिऱ्हाडात बिनधास्त ठेवलेली असते. आणि आमच्याच हॉलमधल्या कॉम्प्युटरने मला, या घरच्या बाईला, तोंडावर सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही!

मागत काय होते मी? माझ्या आईचे धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. आई दिवाळे गावची धवलारीण, धवले गाणारी. गावात लग्न असलं की हळदीला तिचंच गाणं लागायचं. दर लग्नात तिच्यासमोर बसून मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. "घरानच ठेव गो बाय, बाजारान नको," एवढंच ती म्हणाली. पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. कॉम्प्युटर अडून बसला त्या दिवशी माझ्या भावाच्या मुलीची हळद होती. नातीच्या हळदीला आजीचा धवला लागलाच पाहिजे, हा माझा हट्ट.

माझा फोन बदलताना लेकाने सगळे धवले स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकले होते. "आई, शेअर्ड फोल्डर केलंय. नेटवर्कवरून हॉलमध्येही उघडेल." उघडेल कसलं डोंबल! नाव टाकलं, पासवर्ड टाकला, परत टाकला. परवानगी नाही. त्याच्या खोलीत गेले, तर तो कॉम्प्युटरही पासवर्ड मागत बसलेला.

लेक ऐरोलीला ऑफिसात. लावला फोन.

"अगं, त्यात तुझं नाव टाकलंच नाहीये."

"मग कोणाचं टाकलंस?"

"माझं, पप्पांचं, ताईचं. तुला काय लागलं तर मी देतोच ना काढून! टेन्शन कशाला घेतेस?"

तळपायाची आग मस्तकात गेली. गाणारी माझी आई, मांडवामांडवात फोन धरून बसणारी मी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा! याच्या पप्पांनी जन्मात एक धवला कान देऊन ऐकला नाही, आणि त्यांना परवानगी! "आत्ताच्या आत्ता तुझा पासवर्ड सांग," मी ओरडले, "नाहीतर तुझ्या ऑफिसात येते." त्याने हळूच सांगितला.

संध्याकाळी मांडवात स्पीकरवर आईचा आवाज लागला. आई नातीला हळद लावत होती आणि शब्दाशब्दाला तिचे ओठ हलत होते. मला रडू आवरेना.

लेक ऑफिसातून थेट तिथे आला होता. त्याने फोन वर धरला. "भारी! रील बनवून टाकतो."

मी त्याचा हात धरला. "आधी आजीला विचार."

"त्यात काय विचारायचं?"

"विचार म्हणते ना!"

तो वाकला, विचारलं. आईने हळदीने माखलेला हात त्याच्या फोनवर ठेवला आणि मान हलवली. नाही.

फोन पुसत पुसत तो बाजूला झाला. घरी आल्यावर त्या फोल्डरच्या यादीत त्याने माझं नाव सगळ्यात वर टाकलं. त्याचं ठेवायचं की काढायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.