केळ्यात खोचलेल्या उदबत्त्या

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दसऱ्याच्या सकाळी घाटकोपरला आमची जुनी गाडी सुरूच होईना. बाबांनी बॉनेट उघडून इंजिनाची पूजा केली होती आणि बॅटरीला टेकवलेल्या केळ्यात उदबत्त्या खोचल्या होत्या. मी वैतागून रस्त्यावरची काळीपिवळी थांबवली आणि तिच्या बॅटरीवरून आमची गाडी सुरू करून द्याल का, विचारलं.

टॅक्सीवाल्याने बॉनेटखाली डोकावून आधी उदबत्त्या चिमटीत विझवल्या. बाबा उखडले, "अहो, पूजेच्या आहेत त्या!"

"बॅटरीतून गॅस निघतो, काका. पेट घेतला तर फुटते."

त्याने बोटातली अंगठी काढून खिशात टाकली. लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला जोडली. काळी आधी स्वतःच्या मायनसला लावली आणि तिचं दुसरं टोक आमच्या बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला. ते लावताना त्याने मला मागे सारलं आणि स्वतःचं तोंड फिरवलं. तेव्हा मला त्याचा डावा गाल दिसला, थेट डोळ्यापर्यंत भाजलेला.

गाडी सुरू झाली. बाबांनी हळूच विचारलं, "हे कशानं झालं?"

"असाच दसरा होता," वायर गुंडाळत तो म्हणाला. "उदबत्ती आईनं लावली होती. तिला मी अजून सांगतो, बॅटरीच खराब होती."