रीस्टार्ट दसऱ्याला

"सर, एकही फाइल उघडून नाही राह्यली," वंदनाताई म्हणाल्या. "इंग्रजीत एक चिठ्ठी येते फक्त."

चिठ्ठी मी वाचली. तुमचा डेटा आम्ही कुलूपबंद केला आहे, सोडवायचा असेल तर या पत्त्यावर लिहा. झरी जामणी तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी सर्व्हरपुढे बसलो होतो. वंदनाताई तिथल्या लॅब टेक्निशियन. मी यवतमाळचा, लहान दवाखान्यांचे कम्प्युटर सांभाळण्यात बावीस वर्षं गेली. या सर्व्हरवर सिकलसेलच्या पेशंटच्या नोंदी होत्या. रक्ताचा हा आजार आईबापांकडून येतो आणि काहींना वरचेवर रक्त द्यावं लागतं. कोणाला कधी दिलं, कोणाला कोणतं चालत नाही, सगळं याच मशीनमध्ये.

पहिल्यांदा मी बघितलं, कोणता कर्नल चालू आहे. उत्तर आलं. गेल्या दसऱ्याचा होता.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला कुठवर जाऊ द्यायचं, हे तो ठरवतो. त्यात भोक सापडलं की दुरुस्त केलेला नवा कर्नल येतो. मी तो दर महिन्याला यवतमाळहून टाकत होतो. पण नवा कर्नल नुसता डिस्कवर येऊन बसतो. मशीन रीस्टार्ट होईपर्यंत काम जुनाच करतो. नवा चौकीदार नेमला, पण फाटकावर म्हाताराच उभा, अशी गत.

आणि रीस्टार्ट व्हायचा वर्षातून एकदा. पूर्वी एकदा बंद केलेली मशीन दोन दिवस चालूच झाली नव्हती. तेव्हापासून दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी धसका घेतला होता. दसऱ्याला ओपीडी बंद, मशीनची पूजा, हार, कुंकू. त्याच दिवशी रीस्टार्ट. एरवी मी विषय काढला की म्हणायच्या, "भाऊ, चालून राह्यली ना? मंग कायले हात लावता? दसऱ्याले करू."

मीही जास्त ताणलं नाही. खरं सांगायचं तर कंटाळा केला. महिन्याच्या रिपोर्टात 'कर्नल अपडेट' असा एकच रकाना होता. तिथे 'पेंडिंग' लिहिलं की फोन, खुलासे, मॅडमची नाराजी. मी 'डन' लिहायचो. टाकला तर होताच.

मॅडम आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते सगळे रिपोर्ट होते.

"तुम्ही तं डन लिहिलं आहे, भाऊ."

"डिस्कवर होता, मॅडम. चालू नव्हता."

"मले काय समजणार त्यातलं? मी डन वाचलं."

त्यांचं बरोबर होतं. कोणाचा तरी पासवर्ड वापरून चोर आत आला आणि जुन्या कर्नलच्या भोकातून साऱ्या मशीनचा मालक झाला. बॅकअपची डिस्क मशीनलाच जोडलेली, तीही गेली. यवतमाळला माझ्याकडे एक कॉपी होती, दसऱ्याला घेतलेली. ती मी चढवली. दसऱ्यानंतरचं काहीच परत आलं नाही.

दहा दिवसांनी सोनू टेकाम आली. सिकलसेलची जुनी पेशंट, एकोणीस वर्षांची, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. अंगात रक्त फार कमी. मॅडमनी कम्प्युटरमध्ये पाहिलं. खास काही लिहिलेलं नव्हतं. रक्त जुळवून पाहिलं, जुळलं, दिलं.

आठवड्याभरात तिचे डोळे पिवळे झाले. लघवी काळ्या चहासारखी. ते वंदनाताईंच्या कानावर आलं. त्यांना आत्ता आठवलं. दिवाळीनंतरच्या तपासणीत कळलं होतं की एका विशिष्ट प्रकारचं रक्त सोनूला चालत नाही. काही महिन्यांनी हे चाचणीत दिसेनासं होतं. मग फक्त लिहिलेलं कामी येतं. लिहिलं त्यांनीच होतं, मशीनमध्ये. जवळ ठेवायचं कार्ड तिला दिलं नव्हतं, कारण मशीनमध्ये होतं.

सोनूला यवतमाळला हलवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्याभरानं तिचे वडील दवाखान्यात आले. मी तिथेच होतो. मॅडमनी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. ते माझ्यापुढे येऊन बसले.

"साहेब, तुमीच कम्प्युटरवाले ना?"

"हो, बाबा."

"पोरीचं सारं याच्यात लिहून आहे म्हणे. मंग ते गेलं कोठी?"

मी सांगायला लागलो. चोर, पासवर्ड, कर्नल. ते मान हलवत राहिले. मग मलाच माझी लाज वाटली. मी म्हणालो, "बाबा, एक काम मी केलं नव्हतं आणि केलं म्हणून लिहिलं होतं."

बसची वेळ झाली म्हणून ते उठले.

आता रिपोर्टात दोन रकाने आहेत, 'टाकला' आणि 'चालू आहे'. दुसरा मी मशीनला विचारल्याशिवाय भरत नाही. प्रत्येक पेशंटच्या हातात कागदी कार्ड आहे. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात जाते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मशीन रीस्टार्ट होते आणि मी समोर घड्याळ लावून बसतो. चार मिनिटं लागतात.