मलव्वा आज्जी आणि पुराचा अलर्ट

पावसाळा सरला की आमच्या तालुक्याच्या ऑफिसातला पूर-कक्ष बंद होतो, किस्से मात्र चहाच्या टपरीवर वर्षभर चालतात. माझं काम एवढंच, धरणातून पाणी सुटलं की भीमेकाठच्या गावांना कळवायचं. त्यातल्या एका गावात मलव्वा आज्जी शेळ्या घेऊन नदीच्या अगदी कडेला राहायची. पाणी पहिलं तिच्या उंबऱ्याला लागायचं आणि ही काही जागची हलायची नाही. मला धास्ती तिचीच असायची.

*

सुरुवातीला मी सरपंचांना धरणाचा मेसेज फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवला. इतके क्युसेक, तितके क्युसेक, विसर्ग वाढण्याची शक्यता.

"व्हय व्हय," सरपंच म्हणाले. "पर साहेब, मारुतीच्या पायरीला लागंल का न्हाय, तेवडं सांगा की."

मी धरणावर फोन लावला. तिकडचे इंजिनिअर म्हणाले, "कोणता मारुती?"

*

मग 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे' अशी नोटीस चिकटवली. कुणी हलेना! सरपंच म्हणाले, "सखल म्हंजे खालची आळी." खालच्या आळीनं मलव्वाच्या घराकडं बोट दाखवलं. मी मलव्वाला गाठलं.

"सखल व्हय?" तिनं नदीकडं हात केला. "ती काय, तितं!"

*

पुढच्या खेपेला देवळाच्या स्पीकरवरून सांगितलं, "नदीचं पाणी वाढतंय." थोड्या वेळात गावातल्या बायका खण-नारळ घेऊन थेट काठावर! पुढं सरपंचीणबाई. मी धावत काठ गाठला.

"नव्या पाण्याची वटी भरावी लागती," त्या म्हणाल्या. "बरं झालं, येळंवर सांगितलंत!"

*

त्या गावात घरोघरी कन्नड. म्हणून शिवाप्पा कोतवालाला पानभर मजकूर दिला आणि म्हटलं, कन्नडमधून दवंडी दे. त्यानं चौकात हलगी वाजवली आणि ओरडला, "नीर बर्तैती, म्याल होग्री!" पाणी येतंय, वर जा. संपलं!

"शिवाप्पा, बाकीचं कुठं गेलं?"

"बाकीचं सरकारचं हुतं, साहेब. हितं कुणाला लागत न्हाय."

त्या दिवशी सगळं गाव टेकावरच्या शाळेत गेलं. मलव्वा सोडून.

*

तिला आणायला मीच खाली गेलो. आमच्याकडं पावसाचा थेंब नव्हता, पाणी सगळं वरचं. ही बाई अंगणात सडा घालून रांगोळी काढत बसलेली! माझं डोकंच फिरलं.

"आज्जी, पाणी येतंय, चला!"

"ही भीमा लेक हाय माजी. वर्सातनं एकदा म्हायेराला येती. आन् तिनं यावं, तर घराला कुलूप? बरं दिसंल व्हय?"

नशीब, त्या वर्षी पाणी अंगणातूनच मागं फिरलं.

यंदा फिरलं नाही. शिवाप्पानं दवंडी दिली, मी धावतपळत शाळेत पोचलो, तर व्हरांड्यात सगळ्यांच्या आधी मलव्वा, शेळ्यांसकट! खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. पण जीभ कुठं गप्प बसते?

"काय आज्जी, लेक घरी आली आणि तुम्ही इथं?"

शेळीपुढं पाला टाकता टाकता ती म्हणाली, "दार उगडं ठिवलंय की. कोनाड्यात खण बी ठिवलाय तिचा."