भरमाची कपात

पाणीपुरवठा खात्यात जन्म काढला की माणसाजवळ दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. बेळगावात आम्ही जुने सहकारी चहाला जमलो की एकाने किस्सा सांगायचा, दुसऱ्याने त्यात मीठमसाला घालायचा. पण वॉलमन भरमाचा विषय निघाला की आधी हसू येतं आणि मग कपातला चहा तसाच गार होतो.

*

येळ्ळूरचा परशराम आणि कंग्राळीचा भरमा, दोघे रोजंदारीवर पाण्याचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, फिरवायचे. कायम झाल्याची ऑर्डर दोघांना एकाच दिवशी आली. परशराम दुसऱ्या दिवशी हजर झाला. भरमाच्या गावात मात्र कैक वर्षांनी ग्रामदेवी लक्ष्मीची यात्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं.

"गावात लक्ष्मी बसलीया. नोकरी काय पळून जातीया व्हय?" म्हणाला.

यात्रा उरकून आला तोवर नवी पेन्शन लागू झालेली. हजर झाल्याच्या तारखेवरून परशरामला जुनी मिळाली, म्हणजे पेन्शनसाठी कपात नाही आणि पेन्शन शेवटच्या पगारावर. भरमाला नवी, म्हणजे दरमहा कपात आणि पुढं मिळेल ते.

*

पगारबिल मी करायचो. पहिल्या पगाराला भरमा टेबलापाशी आला.

"अण्णा, माझं कापलंय. परशाचं का न्हाय?"

मी समजावून सांगितलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे माझं साठतंय! परशाचं कायच साठंना."

त्या महिन्यापासून तो परशरामला स्वतःच्या पैशाने चहा पाजू लागला. बिचाऱ्याचं म्हातारपणी कसं व्हायचं, याची त्याला काळजी.

*

एकदा वरचे साहेब नवी पेन्शन समजावून द्यायला आले. निम्मं कानडी, निम्मं इंग्रजी. तुमचा पैसा शेअर बाजारात वाढतोय, असं त्यांचं म्हणणं.

भरमा उठला. "बाजार पडला तर, साहेब?"

"पडतो तसा चढतो पण."

"तुमचा पैसा बी तितंच हाय न्हवं?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. "मला जुनी पेन्शन आहे," म्हणाले.

*

शाळेतल्या गुरुजींच्या कृपेने दोघांचाही जन्म एकाच सालातला, एक जूनचा. म्हणून एकाच दिवशी रिटायर, एकाच स्टेजवर फेटे. भरमाच्या साठलेल्या पैशातला एकरकमी मिळालेला भाग पोरीच्या लग्नात गेला. पुढं दोघे पासबुक घेऊन ऑफिसात आले. परशरामची पेन्शन बारा हजारांवर. भरमाची दोन हजारांनाही टेकत नव्हती.

"ह्यो पैला हप्ता व्हय?" त्यानं मला विचारलं. "बाकीची कवा येतीया?"

मी पासबुक मिटून त्याच्या हातात दिलं. इतकी वर्षं दर महिन्याला त्याची कपात मीच लावली होती, फार वाईट वाटलं. परशराम तर मान वर करेना. आठवड्याभरात भरमा कंत्राटदाराकडे कामाला लागला. वॉल तोच, चावी तीच, गुडघे तेवढे गेलेले.

*

गेल्या वर्षी परशराम अचानक वारला. बाराव्याला आम्ही येळ्ळूरला गेलो. परशरामच्या जुन्या पेन्शनमुळे वहिनींना त्याच्या माघारी फॅमिली पेन्शन किती बसेल ते मी सांगितलं, तेव्हा कुठं त्यांच्या पोरांना जरा धीर आला.

परतताना भरमा आणि त्याची बायको गंगाक्का माझ्या गाडीत मागं बसली होती. वडगाव आलं. मग गंगाक्कानं नवऱ्याला हळूच विचारलं,

"तुमच्या माघारी मला कितीक मिळंल ओ?"

भरमानं खिडकीची काच वर केली.

"तू काळजी करू नगं," तो म्हणाला. "मी जात न्हाय."