सीटखालचा कागद

कोलीन हॅवलिचेकला लहानपणापासून मागायची भीती. आई वाटीभर साखर आणायला शेजारी पाठवायची, तर ही दारात वाटी घेऊन नुसती उभी. शेजारीण स्वतःहून 'काय गं?' म्हणेपर्यंत तोंडातून शब्द नाही. बाप अमेरिकेतल्या टोलेडो शहरात काचकारखान्यात भट्टीवर कामाला होता. तो म्हणायचा, ही पोरगी लग्नाला हो म्हणायचं झालं तरी 'उद्या सांगते' म्हणेल. आणि नशिबाची गंमत बघा, हिच्याच वाट्याला जन्मभर मागायचं काम आलं. तेही साखर नव्हे, लाखांनी डॉलर.

मेडिकल कॉलेजच्या यकृत विभागात ती आधी टाइप करायला लागली होती. एकदा एक बरा झालेला पेशंट तिच्या टेबलाशी बसून तासभर आपली कर्मकहाणी सांगत राहिला आणि जाताना विभागाला मोठा चेक देऊन गेला. वरच्यांना वाटलं, बाईच्या हाताला गुण आहे. गुणबिण काही नव्हता. घाबरलेलं माणूस मध्ये बोलत नाही, ऐकत बसतं, एवढंच. पण तेव्हापासून एकोणीस वर्षं तिचं हेच काम झालं. बरे झालेल्यांच्या घरी जायचं, नाहीतर गेलेल्यांच्या मागे उरलेल्यांच्या घरी जायचं. कॉफी प्यायची, ऐकायचं, आणि वेळ आली की विभागासाठी मागायचं.

या कामाचे नियम तिने अंगात मुरवले होते. आकडा एकदा तोंडातून गेला की गप्प बसायचं. कुत्रं भुंको, घड्याळ वाजो, समोरचा बोलेपर्यंत आपले ओठ मिटलेले. जो आधी बोलला तो हरला. आणि कागद घरात न्यायचा नाही. कागद म्हणजे देणाऱ्याची कुंडलीच म्हणा. घर केवढ्याचं, जमीन किती, पोरंबाळं किती, कुणाला काय आजार, कशाने विरघळतो, सगळं ऑफिसातली माणसं शोधून लिहितात. कोलीनने आधीच्या भेटीनंतर टिपलेल्या ओळीही त्यात उतरतात. तो कागद दारापाशी गाडीत वाचायचा, सीटखाली सारायचा आणि मगच उतरून बेल वाजवायची.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती विभागप्रमुख डॉक्टर लॅथ्रपना घेऊन विल्मा ड्रेसबाखबाईंकडे गेली. बाई त्र्याऐंशी वर्षांच्या. नवरा ओटो खडीच्या खाणींचा मालक. चार वर्षांमागे याच विभागात चाळीस दिवस पडून होता, तिथेच गेला. मूलबाळ नाही. कोलीन तीन वर्षं त्यांच्याकडे जात होती आणि आज वीस लाख मागायचे होते, ओटोच्या नावाने विभागात एक प्राध्यापक कायमचा नेमता यावा म्हणून. हे पैसे आले नाहीत तर जूनअखेर विभागातली एक नोकरी जाणार होती. ती कोणाची, हे कुणी बोललं नव्हतं. पण डॉक्टर हल्ली कोलीनशी फार गोड बोलत होते, आणि डॉक्टर गोड बोलायला लागले की पेशंटनेही समजून घ्यावं.

विल्माबाईंनी दालचिनीचा केक केला होता. कॉफी ओतताना त्या नेहमीप्रमाणे कपाच्या काठाआत बोट धरून होत्या. चटका बसला की ओतणं थांबवायच्या. म्हातारपणाची लकब, असं कोलीन समजून चालली होती. तिने प्रस्तावाचं निळं फोल्डर टेबलावर ठेवलं, आकडा सांगितला आणि ओठ मिटले. डॉक्टरांना काही ते मौन सोसेना, खुर्ची करकरायला लागली, तेव्हा तिने टेबलाखालून त्यांच्या बुटावर आपला बूट दाबला. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, गुरुवारी ये, एकटीच ये. आणि ते निळं फोल्डर राहू दे. उद्या माझी भाची येईल, कागदपत्रं तीच बघते.

डॉक्टरांना सोडून कोलीनने सीटखाली हात घातला. बर्फ खरवडायचं पातं हाताला लागलं, एक वाळलेला हातमोजा लागला. कागद नव्हता. तिने दुसऱ्या सीटखालीही चाचपलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"तो होय? तो मी फोल्डरमध्ये घातला की," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, हरवायला नको."

दारापाशी गाडीत डॉक्टरांनी तो वाचायला घेतला होता. उतरण्याआधी डॉक्टरांच्या हातातून तो कागद काढून घेणं तिचं काम होतं, आणि डॉक्टर माणसाच्या हातात कागद ठेवू नये हे तिला एकोणीस वर्षं ठाऊक होतं. ती तशीच मागे फिरली. ड्रेसबाखबाईंच्या फाटकापर्यंत गेलीसुद्धा. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाईंची पाठ दिसत होती. आत जाऊन 'माझा एक कागद राहिला' एवढंच म्हणायचं होतं. ती फाटकाला हात लावून उभी राहिली. पन्नाशी उलटलेली बाई, पण तीच वाटीवाली पोर. कुणी 'काय गं?' म्हटलं नाही, आणि ती परत गेली.

बुधवार कसा गेला तिलाच माहीत. भाची आली असेल, तिने फोल्डर उघडलं असेल, या विचाराने घास उतरेना. टेबलावरचा फोन वाजला की ती लगेच उचलायची नाही. डॉक्टरांनी येऊन धीर दिला, धीर कसला, पळवाटच. म्हणाले, वाचलाच असेल तर म्हणू, ऑफिसातल्या नवख्यांनी लिहिलंय, आम्हाला पत्ताच नाही.

गुरुवारी बाईंनी दार उघडलं, हसल्या नाहीत. टेबलावर निळं फोल्डर होतं, त्याच्यावर तो कागद, आणि उडू नये म्हणून कागदावर मिठाची बाटली.

"बस. कॉफीचं मागाहून बघू," विल्माबाई म्हणाल्या. "हा कागद माझ्यावरचा ना?"

"हो."

"वर माझं नाव मोठ्या अक्षरात आहे, तेवढं वाचता आलं. खाली नुसत्या मुंग्या. वाच बघू."

कोलीनला क्षणभर कळेचना. मग कपाच्या काठातलं ते बोट आठवलं. बाईंना दिसत नव्हतं. कडेकडेचं काय दिसत असेल तेवढंच.

"काल भाची आली होती का?" तिने हळूच विचारलं.

"ते तुला कशाला? तू वाच."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. भाचीने वाचला असेल आणि बाई परीक्षा बघत असतील, तर एक शब्द इकडचा तिकडे झाला की संपलं. आणि वाचलाच नसेल, तर? मग कागदावर काहीही लिहिलेलं असू शकत होतं. ड्रेसबाखबाई फार सज्जन, केक उत्तम करतात, पैसे आनंदाने देतील. कोण बघणार होतं? वीस लाख पदरात, नोकरी पदरात.

तिने कागद उचलला. ती आहे तेच वाचायला लागली. घराची किंमत वाचली, खाणींची वाचली.

"खाणी विकल्या तेव्हा याच्या निम्मेसुद्धा आले नाहीत," बाई म्हणाल्या. "कोण लिहितं गं हे? पुढे."

"एकटी राहते. बोलायला माणूस लागतं. जितकं जास्त बसावं तितकी मऊ होते."

"मी काय पाव आहे? पुढे."

"हृदय कमकुवत. उशीर करू नये."

शेवटची ओळ उरली होती. कोलीनचा अंगठा आपसूक त्या ओळीवर गेला. एक ओळ गाळली तर काय होतं? तिने अंगठा बाजूला केला आणि वाचलं, "ओटोचं नाव काढलं की रडते. आकडा रडून झाल्यावर सांगावा."

आधी बोलेल तो हरेल, हे तिला पाठ होतं, पण तिच्याने राहवेना.

"ही ओळ माझी आहे," ती म्हणाली. "बाकीचं ऑफिसचं असेल, ही मी लिहिली."

"रडून झाल्यावरच का?"

"रडताना माणूस हो म्हणतं आणि सकाळी फिरतं. ते आम्हाला चालत नाही." तिने कागद खाली ठेवला. "तुमचं रडणं मला बघवत नाही, हेही खरं. पण लिहिताना मनात पहिलंच होतं."

बाई उठल्या. किटली उचलली, कपाच्या काठात बोट धरून कॉफी ओतली, चटका बसल्यावर थांबल्या.

"तीन वर्षं इथे कॉफी पितेस," त्या म्हणाल्या. "माझं घर, माझं काळीज, माझं रडणं, सगळं तुझ्या कागदाला ठाऊक. डोळे गेले तेवढं ठाऊक नाही."

"नाही."

"मग घाल त्यात. आणि अक्षर मोठं काढ."

कोलीनने पेन काढून शेवटच्या ओळीखाली लिहिलं, डोळ्यांनी दिसत नाही. अक्षर काही सरळ आलं नाही.

"भाची आलीच नाही काल," बाई म्हणाल्या. "ताप आलाय तिला. तू वाचशील ते मी खरं मानलं असतं."

मग त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. वीस नाहीत, दहा देईन. प्राध्यापकासाठी नाही. ओटो चाळीस दिवस घंटी दाबत होता, रात्रपाळीला एकच नर्स असायची, त्याचा अंगठा सुजला होता. त्या वॉर्डात रात्रीच्या जास्तीच्या नर्सेस, आणि त्यांना हे आजार नीट शिकवायला कुणीतरी. एवढं बोलून बाई गप्प बसल्या. अगदी नियमाने, जणू शिकूनच आल्या होत्या.

कोलीनला हो म्हणायचा अधिकार नव्हता. वर विचारायला हवं होतं, डॉक्टर भडकणार होते, आणि दहात तिची नोकरी वाचते की नाही हेही तिला माहीत नव्हतं. बापाचं बोलणं खरं करायचं तर 'उद्या सांगते' म्हणायची हीच वेळ होती.

"हो," ती म्हणाली.

गाडीत बसून तिने फोनवर ऑफिससाठी भेटीची हकीकत लिहिली. कागद घरात राहिला, चूक माझी. बाईंना वाचून दाखवला. दहा लाख, नर्सेससाठी, मी कबूल केले. पाठवायचं बटण दाबताना तिने डोळे मिटले होते.

डॉक्टर दोन आठवडे तिच्याशी धड बोलले नाहीत. तिला त्यातच बरं वाटलं, गोड बोलत नव्हते ना. कॉलेजच्या वरच्यांनी दहा लाख घेतले. आलेल्या पैशाला कोण नाही म्हणतं. जूनमध्ये नोकरी गेली ती टाइप करणाऱ्या मुलीची. कोलीन ज्या टेबलावरून वर आली होती, तेच टेबल. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

ती अजून मागते. लोकांना वाटतं, एवढ्या वर्षांत भीती गेली असेल. पण प्रत्येक फाटकापाशी ती गाडी थांबवते, सीटखाली हात घालते, कागद आहे ना बघते. उतरते, दोन पावलं जाते, आणि परत येऊन पुन्हा एकदा चाचपते.