चष्मेवाल्यांचं टेकऑफ

चष्मेवाल्यांच्या मागच्या खोलीत विमान होतं. म्हणजे भंगारातून आणलेली गाडीची सीट, समोर तीन स्क्रीन, ओढायचं-ढकलायचं सुकाणू, पायाशी पेडल आणि उजव्या हाताशी इंजिनांचे दोन दांडे. दुपारी दुकान बंद करून जेवायला आले की ताट उचलायच्या आत ते त्या सीटवर जाऊन बसायचे. त्यांची बायको म्हणायची, "अहो, निदान हात तरी धुवा. विमानाला वरण लागतंय."

आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या या माणसाने खऱ्या विमानाचं सुकाणू कधी हातात धरलं नव्हतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी, घरातली ठकी, लहानपणी याच सीटवर त्यांच्या मांडीवर बसायची आणि पुढे खरोखरच वैमानिक झाली. मोठ्या प्रवासी विमानात उजव्या बाजूला बसायची, को-पायलट म्हणून. चष्मा बदलायला आलेलं गिऱ्हाईक ही बातमी ऐकल्याशिवाय दुकानातून सुटत नसे.

ठकी सुट्टीवर आली की मागे उभी राहून बापाचं उड्डाण बघायची आणि हसायची. "बाबा, तुमचं विमान उडत नाही, टुणकन उडी मारतं." चष्मेवाल्यांना त्याचाही अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी ठकीच्या खऱ्या विमानाचं शेपूट घासलं.

उड्डाणाच्या वेळी ठकीने नाक उचललं आणि विमानाचा मागचा भाग धावपट्टीवर खरवडत गेला. कुणाला इजा झाली नाही. विमान वर गेलं, एक वळसा घालून परत उतरलं, प्रवासी दुसऱ्या विमानाने गेले. कंपनीने चौकशी लावली, आणि ती संपेपर्यंत कॅप्टन आणि ठकी दोघांनाही घरी बसवलं.

ठकी घरी आली ती नुसतीच आली. जेवायची, कपडे वाळत घालायची, खिडकीशी बसायची. आई काही विचारायला गेली की "काही नाही गं" म्हणून उठून जायची. चष्मेवाल्यांच्या जिवाला घोर लागला. दुकानात त्यांनी एका बाईंना जवळचा चष्मा दूरचा म्हणून दिला आणि त्या बाई उंबऱ्यात अडखळल्या.

एका दुपारी बापलेक भांडी घासत होती. तिने घासायची, त्यांनी पुसायची. पाण्याच्या आवाजात ती आपण होऊन बोलायला लागली. दुसरं एक विमान रद्द झालं म्हणून त्यातले प्रवासी ऐनवेळी त्यांच्या विमानात चढवले होते. विमानाचं वजन वाढलं. नवा आकडा आला होता, पण घाईत संगणकात जुनाच राहिला. त्यामुळे नाक कोणत्या वेगाला उचलायचं ते उत्तर चुकीचं आलं. वेग कमी, विमान जड.

"आकडा कुणी भरला होता?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"कॅप्टननी. बाबा, हे कुणाशी बोलायचं नाही हं. चौकशी चालू आहे."

"छे गं, मी कशाला बोलतोय!"

त्यांनी ताटली पुसून मांडणीत ठेवली, पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. आकडा कॅप्टनचा, मग शिक्षा माझ्या पोरीला का? ते टेकऑफ आपण जसंच्या तसं करून बघायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

करायला बसले तेव्हा कळलं, की इतक्या वर्षांत त्यांनी धड एकही टेकऑफ केलं नव्हतं. त्यांचं विमान कायम रिकामं असायचं. प्रवासी नाहीत, सामान नाही, इंधन जेमतेम, वारा बंद. म्हणून ते टुणकन उडायचं. पहिल्यांदाच त्यांनी विमान माणसांनी भरलं, सामानाने भरलं, बाजूने वारा सोडला, आणि सवयीप्रमाणे दांडे एकदम पुढे रेटले. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं.

मग ते शिकायला लागले. दांडे आधी निम्म्यापर्यंत न्यायचे. दोन्ही इंजिनांचे काटे एका पातळीवर येईपर्यंत थांबायचं, मगच पुढे ढकलायचं. पट्टीची मधली पांढरी रेघ पायांनी धरून ठेवायची, आणि वेग वाढेल तसा पायाचा जोर कमी करत जायचा. नाक उचलताना हिसका द्यायचा नाही. झोपलेल्या मुलाच्या मानेखाली हात घालून डोकं उचलावं तसं, सावकाश. हे हिसका न देणं त्यांना काही केल्या जमेना. हातच ऐकत नव्हता.

ठकी दुपारची आईबरोबर फिरायला जायची, तेवढ्यात त्यांचा सराव चालायचा. अडलं की त्यांच्यासारख्याच हौशी मंडळींच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर विचारायचे. तिथले एक निवृत्त प्राध्यापक हौसेने समजावून सांगायचे. हळूहळू हात वळला. आणि एका दुपारी जड भरलेलं विमान लांबवर धावलं, नाक अलगद उठलं, क्षणभर मागच्या चाकांवर रेंगाळलं आणि जमिनीने स्वतःहून सोडून द्यावं तसं वर गेलं. चष्मेवाले सीटवर तसेच बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही पोर रोज हे करत होती!

मग त्यांनी वजन तेच ठेवलं आणि वेगाचे आकडे जुने, चुकीचे घातले. तसंच अलगद नाक उचललं. विमान उठेना. आणखी ओढलं, आणि शेपूट घासलं. पुन्हा केलं, पुन्हा घासलं.

"सापडलं!" ते एकटेच ओरडले.

त्यांनी त्याचा व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं: 'वजन चुकीचं भरलं तर उत्तम वैमानिकाच्या हातूनही असंच होणार. दोष आकडा भरणाऱ्या कॅप्टनचा.' ग्रुपवर टाकला. आपलीच माणसं आहेत, असं त्यांना वाटलं.

ग्रुपमधल्या सगळ्यांना ठकी आणि तिच्या विमानाचं प्रकरण ठाऊक होतं. कुणी तरी तो व्हिडिओ पुढे पाठवला, पुढच्याने आणखी पुढे. आठवडा उलटायच्या आत तो कंपनीत पोचला.

ठकी फोन कानाला लावून मागच्या खोलीत आली. फोन संपला तरी तिने तो खाली घेतला नाही.

"बाबा, तुम्ही हे केलंत?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. तुझा दोष नाही हे मी सिद्ध करून दाखवलंय. हे बघ, वेग–"

"तो आकडा तपासायचं काम माझं होतं!" ती ओरडली. "ते भरणार, मी तपासणार, असंच असतं ते. मी पाहिलं आणि 'बरोबर' म्हणाले. हे मी चौकशीत सांगितलंय. कॅप्टनही म्हणाले की चूक दोघांची, एकमेकांवर ढकलायची नाही. आता त्यांना काय वाटेल? की मी आत एक बोलते आणि बाहेर बापाकडून हे पसरवते?"

"तू मला हे सांगितलं नव्हतंस, तपासायचं..."

"तुम्ही विचारलंच नाहीत. आकडा कुणी भरला, एवढंच विचारलंत."

चष्मेवाल्यांनी हात लांबवून तिन्ही स्क्रीन बंद केले. दाराशी उभी असलेली बायको ठकीला घेऊन आत गेली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

चौकशी लांबली. माहिती बाहेर कशी गेली, हा नवा प्रश्न तिच्या मागे लागला. कॅप्टनने तिचे फोन घेणं बंद केलं.

कुणाला न सांगता चष्मेवाले एका सकाळी कॅप्टनच्या घरी गेले. कॅप्टन त्यांच्याच वयाचा, उंच, थकलेला माणूस होता. ओळख सांगितल्यावर तो बराच वेळ दार धरून उभा राहिला. मग म्हणाला, "या. बसा."

"मी माफी मागायला आलोय. ठकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कंपनीला मी तसं लिहून कळवलंय."

"व्हिडिओ पाहिला मी," कॅप्टन म्हणाला. "टेकऑफ चांगलं बसवलंत. पण तुमचा व्हिडिओ शेपूट घासल्यावर संपतो. आमचं सगळं तिथून सुरू झालं."

कॅप्टन समोर येऊन बसला.

"मागे बसलेली हवाई सुंदरी विमानातल्या फोनवर रडत होती. मी तिच्याशी बोलत होतो आणि विमान तुमची मुलगी चालवत होती. घासल्याचं कळल्यावर माणूस घाबरून नाक खाली ढकलतो. तिने नाही ढकललं. ओढणं थांबवलं, वेग येऊ दिला, मग वर नेलं. हात जराही हलला नाही तिचा. हे मी चौकशीत सांगितलंय, अजूनही सांगेन. पण तिच्याशी बोलायला मला अजून वेळ लागेल."

चहा कुणी विचारला नाही. चष्मेवाले घरी परतले आणि सगळं ठकीला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकून घेऊन आत निघून गेली.

पुढे चौकशीने चूक दोघांच्याही नावावर टाकली. दोघांना पुन्हा प्रशिक्षण मिळालं, पुन्हा परीक्षा झाली. कॅप्टनने परीक्षा दिली आणि नंतर स्वतःच नोकरी सोडली. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि चष्मेवाल्यांना त्याचा तर्क करायची हिंमत झाली नाही. ठकी उत्तीर्ण झाली. तिने दुसऱ्या शहरातून उड्डाणं मागून घेतली आणि सामान बांधलं. निघताना आईच्या गळ्यात पडली. बापाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तब्येत सांभाळा."

तिचे फोन येतात, पण आईच्या मोबाइलवर. आई बोलून झालं की फोन त्यांच्याकडे देते. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, एवढं बोलणं होतं. कामाविषयी ती अवाक्षर काढत नाही. चष्मेवाल्यांनी ग्रुप सोडला. मागच्या खोलीत ते अजून बसतात, कधीतरी. गिऱ्हाइकांना मुलीबद्दल काही सांगत नाहीत. नंबर काढतात, फ्रेम बसवून देतात.

परवा ती बोलता बोलता म्हणाली, "आज सकाळी वारा फार होता, बाबा. पण टेकऑफ बरं झालं."

चष्मेवाल्यांच्या ओठावर दहा प्रश्न आले. वारा कुठून होता, विमान किती भरलं होतं, शेजारी कोण होतं.

"हो का?" ते म्हणाले. "बरं झालं." आणि पलीकडून ती आणखी काही बोलते का, याची वाट बघत फोन कानाला धरून उभे राहिले.