अंगावर काय होतं?

विक्रोळीच्या त्या आजोबांना आमच्या पोलीस ठाण्यात तिसऱ्यांदा आणलं गेलं तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. खून, दरोडे, दंगली सगळं पाहून झालं होतं. तरी नोकरीतलं लक्षात राहिलेलं प्रकरण कोणी विचारलं की मला हेच आठवतं. यात ना कोणाला अटक झाली, ना काही कोर्टात गेलं.

त्या दिवशी आजोबांना घेऊन आला होता एक रिक्षावाला. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभा राहून तो मोबाइल दाखवत होता.

“साहेब, बघा ना. बेपत्ता लिहिलंय. सेम टू सेम हेच आहेत. भांडुपला सिग्नलपाशी दिसले, समजूत काढून आणलं.”

आजोबा बाकावर ताठ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. “मी बेपत्ता नाही,” ते म्हणाले. “मेथी आणायला निघालो होतो. तुम्ही लोक मला सारखे उचलून आणता.”

मेथीसाठी विक्रोळीहून भांडुपला कोणी जात नाही, हे माझ्या मनात आलं. मिसिंग रजिस्टर काढायला सांगितलं. वर्षभरापूर्वी ते खरोखर हरवले होते, दुसऱ्या दिवशी सापडले होते आणि नोंद बंद झाली होती. आधीच्या दोन्ही वेळी आमच्या लोकांनी जुनीच सूचना फिरतेय असं समजून त्यांना घरी सोडलं होतं.

मी रिक्षावाल्याचा मोबाइल हातात घेतला. मुलुंडच्या रहिवाशांसाठी चालणाऱ्या एका संकेतस्थळाचं पान होतं. फोटोतल्या आजोबांनी निळ्या चौकडीचा शर्ट घातला होता. समोर बसलेल्या आजोबांच्या अंगावरही तोच होता. हनुवटीवर दाढी करताना कापलं होतं, त्यावर त्यांनी कापूस चिकटवला होता. तो कापूस फोटोतही होता.

म्हणजे फोटो त्याच सकाळचा होता.

“आजोबा, आज वार कोणता?” मी सहज विचारलं.

“तुमच्याकडे कॅलेंडर नाही का?” ते हसले. “सरकारने तेवढंही दिलं नाही?”

सगळे हसले. मी हसलो नाही. ज्याला उत्तर माहीत नसतं तो चिडतो किंवा विनोद करतो, हे मी चौकशीच्या खोलीत खूप वेळा पाहिलं होतं.

मुलाला बोलावून घेतलं. तो अंधेरीला राहायचा, एका खासगी कंपनीत चांगल्या जागेवर होता. फोटो पाहून त्याचा चेहरा उतरला.

“साहेब, कोणीतरी मुद्दाम करतंय. नातेवाईक मला फोन करून विचारतात, बापाला घराबाहेर काढलंस का? आमची विक्रोळीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. बाबांना वेडं ठरवून कोणाला तरी सह्या घ्यायच्या असणार.”

त्याचं म्हणणं मला टाकाऊ वाटलं नाही. एका म्हाताऱ्या माणसावर कोणीतरी रोज सकाळी नजर ठेवून होतं, त्याचे फोटो काढत होतं आणि तो बेपत्ता आहे असं उपनगरभर सांगत होतं. मी तक्रार लिहून घेतली आणि तपास स्वतःकडे ठेवला.

मुलुंडच्या संकेतस्थळाची संपादिका दुसऱ्याच दिवशी आली. तिशीतली, स्पष्ट बोलणारी मुलगी.

“साहेब, ही सूचना मी दोनदा काढून टाकलीय,” ती म्हणाली. “पण ती आमची नाहीच. उपनगरातली आम्ही काही संकेतस्थळं एकमेकांशी जोडलेली आहोत. आम्ही आहोत, घाटकोपरचं वाचनालय आहे, गोवंडीच्या बुद्धविहारातल्या तरुणांचं एक आहे. रक्तदान शिबिर, पाणी बंद, कोण हरवलं, असं एकाने टाकलं की बाकीच्यांकडेही दिसतं.”

“म्हणजे तुम्ही उतरवून घेता?”

“नाही ना. उतरवून घेतलं तर आमची वेगळी प्रत होईल. हे फक्त जोडलेलं असतं. मूळ मजकूर ज्याचा त्याच्याकडेच राहतो. त्याने तिथे एक शब्द बदलला की आमच्या सगळ्यांच्या पानावर तो बदलतो. मी काढून टाकलं तर फक्त माझ्याकडून जातं, आणि त्याने परत पाठवलं की परत येतं.”

“मग याचं मूळ कोणाकडे आहे?”

तिने तिथेच लॅपटॉप उघडून पाहिलं. “विक्रोळीचा ज्येष्ठ नागरिक संघ. आणि साहेब, हा फोटो रोज बदलतोय. रोज सकाळी.”

तिने आधीचे फोटोही दाखवले. पांढरा शर्ट, करडा शर्ट, एका दिवशी स्वेटर. बराच वेळ मी ते बघत बसलो. प्रत्येक फोटोत आजोबा हसत होते. कुठे लाजून, कुठे ‘पुरे आता’ अशा चेहऱ्याने. नजर ठेवणाऱ्या परक्या माणसाकडे बघून कोणी असं हसत नाही. माझा अंदाज तिथे बांधला गेला.

संघाच्या अध्यक्षांनी तो पक्का केला. संकेतस्थळाचं काम त्यांच्या एक सभासद बाई बघतात, पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. त्या आजोबांच्या पत्नी होत्या.

मी गणवेश न घालता, एका महिला हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलालाही बोलावलं होतं. आजोबा आत झोपले होते. आजी गुडघ्यावर हात ठेवत उठल्या, चहा टाकते म्हणाल्या.

“आजी, बसा. ती सूचना रोज तुम्ही टाकता?”

“हो,” त्या म्हणाल्या. आढेवेढे नाहीत, रडणं नाही.

मुलगा उभाच राहिला. “आई, तू? लोक मला काय काय बोलतात, तुला माहितीये?”

“माहितीये.”

“आजी, ते हरवलेले नसताना तुम्ही बेपत्ता लिहिता,” मी म्हणालो. “खोटी माहिती पसरवल्याचा गुन्हा होऊ शकतो.”

 त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षी ते हरवले तेव्हा मी तुमच्याच ठाण्यात आले होते. तिथे पहिला प्रश्न विचारला, अंगावर काय होतं? मला आठवेना. सकाळी मीच शर्ट काढून दिला होता, साहेब. इतकी वर्षं संसार केला आणि माझा माणूस काय घालून गेला ते मला सांगता येईना. ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक. म्हणून आता रोज फोटो काढते. ज्या दिवशी हरवतील त्या दिवशी माझ्या हातून काही होणार नाही. म्हणून आधीच टाकून ठेवते.”

“बाबांना काही झालेलं नाहीये,” मुलगा म्हणाला. “वय झालंय, एवढंच.”

“तू रविवारी येतोस रे. तू येणार म्हणून रविवारी ते बरे असतात.”

“मग दाराला कुलूप लाव ना.”

“लावलं होतं एकदा. चपला घालून दारापाशी बसून राहिले दिवसभर. मला म्हणाले, शिफ्टला उशीर होतोय. मी परत नाही लावलं.” त्यांनी गुडघ्याकडे बघितलं. “मला त्यांच्या मागे चालता येत नाही. कोणीतरी बघत राहायला हवं ना?”

मुलगा खाली बसला. आईच्या पायाशी, जमिनीवरच. त्याने तिचा हात धरला.

तक्रार त्याने मागे घेतली. तसा जबाब मी नोंदवला. पण ‘बेपत्ता’ हा शब्द राहू देणं मला शक्य नव्हतं. लोक दरवेळी धावणार, दरवेळी फसणार आणि एक दिवस बघेनासे होणार. तसं मी आजींना सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं. आम्ही तिथेच नवा मजकूर करायला बसलो. ‘आजोबा फिरायला निघाले आहेत. त्यांना उगाच अडवू नका. रस्ता चुकलेले वाटले तर बसवा, पाणी द्या आणि या नंबरवर फोन करा.’

तेवढ्यात आजोबा उठून बाहेर आले. आजींच्या खांद्यावरून त्यांनी सगळं वाचलं.  मला वाटलं, आता भडकतील.

“निवृत्त टर्नर लिही,” ते म्हणाले. “नुसतं आजोबा काय? आजोबा गल्लोगल्ली आहेत.”

आजींनी ‘निवृत्त टर्नर’ लिहिलं आणि बटण दाबलं. मी मुलुंडच्या त्या मुलीला फोन लावला. “आलं, साहेब,” ती म्हणाली. “सगळीकडे बदललं.”

काही महिन्यांनी ते खरोखर रस्ता चुकले. गोवंडीत, दुपारच्या उन्हात, एका शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. दुकान चालवणाऱ्या बाईने विहाराच्या पानावर त्यांचा सकाळचा फोटो पाहिला होता. शर्ट ओळखून तिने त्यांना आत घेतलं, पंखा लावला, वरणभात वाढला आणि मग फोन केला. मुलगा न्यायला गेला तेव्हा आजोबा तिला शिलाई मशिनला तेल कुठे घालायचं ते समजावत होते. आम्हाला मिसिंगची नोंदही करावी लागली नाही.

पोलिसाचं काम कोणी हरवल्यावर सुरू होतं. खबर मिळाली की आम्ही विचारतो, कधीपासून नाहीत, वय काय, अंगावर काय होतं. समोरचा माणूस धडपडत उत्तरं देतो आणि आम्ही ती लिहून घेतो. तो प्रश्न ऐकणाऱ्याला कुठे लागतो याचा विचार मी इतक्या वर्षांत केला नव्हता. त्यानंतर मी ठाण्यातल्या लोकांना सांगितलं, आधी त्यांना बसवा, पाणी द्या, आणि आठवत नसेल तर म्हणा, असू द्या, आठवेल. कायद्याच्या नजरेने त्या बाई चुकल्या होत्या. पण आपलं माणूस उद्या हरवणार हे ओळखून त्यांनी त्याला आज मोकळं चालू दिलं होतं. मला तेवढं धैर्य झालं असतं का, सांगता येत नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. गणवेशातच होतो. दार आजोबांनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं नाही, पण गणवेश ओळखला, आणि चेहरा काळजीने भरला.

“कोण हरवलंय?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही, आजोबा. सगळे घरी आहेत.”

ते बाजूला झाले. “मग या की आत,” ते म्हणाले.